तलावात तणस टाकून विष जात नाही

गेल्या उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या एका गावी आरोग्य तपासणीचे शिबिर होते. विहाराच्या ओट्यावर वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि हिमोग्लोबिन तपासायची पेटी मांडून आम्ही सकाळपासून बसलो होतो. दुपारी गर्दी ओसरल्यावर बचत गटाच्या बायका आम्हाला तलावावर घेऊन गेल्या. ग्रामपंचायतीचा तो लहानसा तलाव गटाने मासळीसाठी ठेक्याने घेतला होता. कर्ज काढून रोहू, कतला आणि मृगळाचे बोटुकले सोडले होते.

तलावाच्या कडेला धानाच्या तणसाचे भारे पाण्यात सोडलेले दिसले. दोरीने बांधलेले, वर दगड ठेवलेला. आम्ही विचारले, हे कशासाठी? उत्तर आले, "तणस पाण्यातलं जहर वढून घेते म्हणे." तलावाच्या वरच्या अंगाला रस्त्याच्या भरावासाठी वीज केंद्राची राख आणून टाकली होती. पावसात त्या राखेचे करडे पाणी वाहत तलावात उतरले. गावात बोलणे सुरू झाले की मासळीत जड धातू उतरले असतील. मग कुणीतरी मोबाइलवर पाहून सांगितले की शेतातला काडीकचरा पाण्यातले धातू शोषून घेतो. तणस घरचेच, खर्च काही नाही. बायकांनी वीस-पंचवीस भारे पाण्यात सोडून दिले.

त्यांच्यातल्या एका मुलीला सातवा महिना होता. सकाळीच तिचे हिमोग्लोबिन आठच्या खाली निघाले होते. तिने सरळ विचारले, "मंग सिस्टर, मासोळ्या खावाच्या का नाही?"

आम्ही सांगून टाकले, तपासणी होईपर्यंत खाऊ नका. हे आमचे चुकले. ही गोष्ट दोन दिवसांत आजूबाजूच्या गावांत पसरली. आठवडी बाजारात गटाची मासळी कुणी घेईना. कर्जाचा हप्ता थकला. आणि त्या गरोदर मुलीच्या ताटातून आठवड्यातून दोनदा येणारा मासा गेला, त्याच्या जागी काही आले नाही. नर्सिंगच्या तीन वर्षांच्या शिक्षणात आणि नंतरच्या वॉर्डातल्या नोकरीत आम्ही एक गोष्ट शिकलो होतो, की रुग्णाला "हे खाऊ नका" सांगण्याआधी "मग काय खा" हे सांगता आले पाहिजे. तीच आम्ही विसरलो.

म्हणून त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती मिळवत राहिलो. जाणत्यांना विचारले, तलाव पाहिले, मासेमार बांधवांशी बोललो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो आहोत. तणसाने तलाव शुद्ध होत नाही. काही वेळा विष कमी न होता वाढते. आणि हे विष काढण्याची जबाबदारी तणस टाकणाऱ्या बाईची नाही.

धातू येतात कुठून?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या काही भागात सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी पाण्याचा उतार ओळखून त्यांतले बरेच बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, म्हणून आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. धानाला पाणी आणि ढिवर बांधवांना मासळी, असे दुहेरी पोट या तलावांवर चालत आले. हे तलाव उताराचे पाणी साठवतात. त्यामुळे वरून जे वाहत येईल ते सगळे त्यांच्या पोटात जाते.

पहिली गोष्ट राखेची. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण फार. शंभर किलो कोळसा जाळला की तीस ते पंचेचाळीस किलो राख उरते. या राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, सेलेनियम, पारा हे थोड्या थोड्या प्रमाणात असतात. नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मोठी औष्णिक वीज केंद्रे आहेत, त्यांच्या राखेची तळी आहेत. तीच राख विटांत, रस्त्याच्या भरावात, खड्डे बुजवायला जाते. उघडी पडलेली राख पावसाने वाहते. पाऱ्याचे तर असे की कोळसा जळताना तो धुरातून हवेत जातो आणि पावसाबरोबर पुन्हा जमिनीवर, पाण्यावर उतरतो.

दुसरे, शहराचे सांडपाणी. नागपूरची घाण नाग नदीतून वाहत जाते, पुढे कन्हान आणि मग वैनगंगेला मिळते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन थांबते. त्या पाण्यावर मासेमारी करणारे हजारो लोक आहेत.

तिसरे, जमीनच तशी. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. म्हणजे त्या पट्ट्यातल्या माती-दगडातच मँगनीज आहे.

चौथे, आपल्याच हातून जाणारे. रंगवलेल्या मूर्तींचे विसर्जन, तलावाकाठी फोडलेल्या जुन्या बॅटऱ्या, मासळीला खाद्य म्हणून टाकलेली कोंबडीखान्याची विष्ठा. तिच्यात तांबे आणि जस्त असते, कारण ते कोंबडीच्या खाद्यात घातलेले असते. जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या मण्यासुद्धा तुटून तळाशी पडतात.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. शेण कुजते, पान कुजते, मेलेला मासा कुजतो. धातू कुजत नाही. तो जागा बदलतो, रूप बदलतो, पण नाहीसा होत नाही. तलावातून धातू जाण्याच्या वाटा मोजक्याच. सांडव्यावरून वाहत्या पाण्याबरोबर, उपसलेल्या गाळाबरोबर, किंवा माशाच्या अंगातून आपल्या ताटात.

तणस पाण्यात गेल्यावर काय होते?

मोबाइलवर सांगितलेली गोष्ट सगळी खोटी नव्हती, म्हणूनच ती फसवी होती. धानाचा कोंडा, तणस, उसाचे चिपाड यांच्या अंगाला शिसे, कॅडमियम, तांबे चिकटतात हे खरे आहे. प्रयोगशाळेत यावर पुष्कळ काम झाले आहे. पण तिथे काय करतात ते नीट बघा. भांड्यात धातूचे पाणी घेतात, वाळलेला, दळलेला काडीकचरा त्यात घालतात, काही वेळ हलवतात आणि मग तो कचरा गाळून बाहेर काढतात. धातू कचऱ्याबरोबर बाहेर जातो. तलावात आपण तणस टाकतो आणि तिथेच सोडून देतो. फरशीवर सांडलेले पाणी फडक्याने पुसायचे आणि फडके तिथेच सोडायचे, असा हा प्रकार आहे. पाणी फडक्यात गेले, पण घरातून गेले नाही.

शिवाय हे फडके कुजणारे आहे. पाण्यात गेलेले तणस काही दिवसांत मऊ पडते. डोळ्यांना न दिसणारे जीवाणू ते खाऊ लागतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासेमार बांधवांना याची खूण ठाऊक असते. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागतात. तळाचा गाळ काळा पडतो. पाय घातला की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. प्राणवायू संपलेल्या त्या काळ्या गाळात धातूंचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक धातूचे वेगळे होते.

आर्सेनिक आणि मँगनीज सुटतात. तळाच्या मातीच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप असतो. आर्सेनिक त्या गंजाला धरून बसलेले असते. प्राणवायू असेपर्यंत ते तिथेच राहते. प्राणवायू संपला की जीवाणू तो गंज विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात मोकळे होते. मँगनीजचेही असेच. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक आले, त्यामागेही जमिनीखाली हीच क्रिया चालते असे शास्त्रज्ञ सांगतात. शिवाय धानाचे झाड जमिनीतले आर्सेनिक ओढून घेते, आणि दाण्यापेक्षा त्याच्या तणसात ते जास्त साठते. म्हणजे ज्या शेताला दूषित पाणी मिळते, तिथले तणस तलावात टाकणे म्हणजे शेतातले आर्सेनिक तलावात नेऊन घालणे.

पाऱ्याचे याहून वाईट. प्राणवायू नसलेल्या गाळात काही जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. साधा पारा माशाच्या अंगात फारसा टिकत नाही. मिथिल पारा मांसात भिनतो, लहान माशातून मोठ्या माशात जाताना वाढत जातो, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. कुजणारा झाडपाला या जीवाणूंचे खाद्य आहे. चीनच्या ग्वेचौ प्रांतात वानशान इथे पाऱ्याच्या जुन्या खाणी आहेत. तिथल्या भातखाचराच्या मातीत पेंढा मिसळल्यावर मिथिल पारा वाढल्याचे संशोधकांना आढळले.

याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण कॅनडात आहे. क्वेबेक प्रांतात ला ग्रांद नदीवर १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जलविद्युत प्रकल्पासाठी अवाढव्य जलाशय भरले गेले. जंगल आणि दलदल पाण्याखाली गेली, कुजू लागली. तिथे कोणताही कारखाना पारा सोडत नव्हता. तरी माशांतला पारा कित्येक पटींनी वाढला. त्या माशांवर जगणारे होते क्री आदिवासी. त्यांना मासे कमी खा म्हणून सांगण्यात आले. १९८६ साली या पाऱ्याबद्दल सरकार, वीज कंपनी आणि क्री लोकांमध्ये वेगळा करार करावा लागला. वीज गेली शहरांना आणि पारा आला आदिवासींच्या ताटात. आमच्या वाचकांना ही वाटणी ओळखीची वाटेल.

राहिले शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त. यांच्या बाबतीत काळा गाळ वरकरणी चांगले काम करतो. गाळातल्या गंधकाशी हे धातू जोडले जातात आणि तळाशी बसतात. पाणी तपासले तर अहवाल चांगला येतो. व्हिडिओत "बघा, धातू कमी झाले" म्हणून दाखवतात ते हेच. पण मामा तलाव उन्हाळ्यात आटतात. काळा गाळ उघडा पडतो, भेगाळतो, त्याला हवा लागते. गंधकाशी बांधलेले धातू सुटू लागतात. पहिला पाऊस पडला की ते पाण्यात येतात, आणि नेमके त्याच सुमाराला आपण नवे बोटुकले सोडतो. कुजण्यामुळे पाणी आंबट झाले असेल तर धातू अधिकच विरघळतात.

आणखी एक. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा. योजना चांगली आहे, तलाव खोल होतात, पडीक जमीन सुधारते. पण ज्या तलावात राखेचे किंवा शहराचे पाणी येते, त्याचा गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकला तर धातू पुन्हा धानात आणि भाजीत. आणि त्याच धानाचे तणस पुन्हा तलावात. असे हे चक्र फिरत राहते.

म्हणून आमचे सांगणे असे. स्वच्छ पाण्याच्या तलावात थोडे तणस टाकायला हरकत नाही. त्याच्या काड्यांवर शेवाळ धरते, रोहू ते खातो, खाद्याचा खर्च वाचतो. पण ज्या पाण्यात धातू आहेत तिथे तणस हे औषध नाही. ते धातू काही काळ धरून ठेवते, काहींना सोडवते, आणि पाऱ्याला अधिक विषारी करते.

शरीरात काय होते?

आम्ही वॉर्डात काम करत होतो तेव्हा हिमोग्लोबिन न वाढणाऱ्या बायका कितीतरी येत. गोळ्या देत होतो, गोळ्या खाल्ल्या का विचारत होतो. राहता कुठे, पाणी कुठले, चुलीत काय जाळता, हे कधी विचारले नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची जवळजवळ ६९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. यातला बराच रक्तक्षय अपुऱ्या अन्नाचा आहे, धातूंचा नाही. पण दोन्हींचा संबंध आहे आणि तो दवाखान्यात क्वचितच सांगितला जातो. शरीरात लोह कमी असले की आतडी शिसे आणि कॅडमियम जास्त प्रमाणात शोषतात. म्हणजे तोच मासा, तेवढेच धातू, पण भरल्या घरच्या बाईपेक्षा उपाशी बाईच्या अंगात ते जास्त जातात.

शिसे रक्त तयार होण्यात अडथळा आणते आणि मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. मुलांच्या रक्तात शिसे किती असले तर सुरक्षित, असा कोणताही आकडा जागतिक आरोग्य संघटना देत नाही. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठते आणि हाडे ठिसूळ करते. मिथिल पाऱ्याने काय होते ते जपानच्या मिनामाता गावाने जगाला दाखवले. रसायनाच्या कारखान्यातून खाडीत सोडलेला मिथिल पारा मासळीतून कोळ्यांच्या घरात गेला. १९५६ साली तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. आया धडधाकट आणि जन्मलेली मुले अपंग, असेही तिथे घडले. आपल्या तलावांत तेवढे विष आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मासळीतून माणसात जाण्याची वाट तीच आहे.

आता वाटणीची गोष्ट. मोठा रोहू, मोठा कतला नागपूरच्या बाजारात जातो. पकडणाऱ्याच्या घरी काय राहते? मुंडकी, कल्ले, पोटातला ऐवज, आणि अख्खीच खायची बारीक मासळी. शिसे आणि कॅडमियम मांसापेक्षा कल्ल्यांत, यकृतात, मूत्रपिंडात आणि हाडांत जास्त साठतात. म्हणजे एकाच माशातला चांगला भाग विकत घेणाऱ्याला आणि धातूचा भाग पकडणाऱ्याला. पारा याला अपवाद. तो मांसातच असतो, आणि दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या मरळीसारख्या माशात जास्त असतो. धुऊन, शिजवून, तळून यातला कोणताही धातू जात नाही.

मग खायचे की नाही?

त्या मुलीला आम्ही पुन्हा भेटलो आणि चूक कबूल केली. आता सगळ्यांना सांगतो ते असे.

मासे सोडू नका. शंभर ग्रॅम रोहूत सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने असतात. या किमतीत गरिबाला दुसरे असे अन्न नाही. ज्या तलावात राख, सांडपाणी, कारखान्याचे पाणी येत नाही तिथली मासळी निर्धास्त खा. संशयाच्या तलावातल्या माशाचे कल्ले, आतडी, यकृत काढून टाका, ते कोंबड्यांनाही घालू नका. गाळ उकरून खाणारे मृगळ आणि सायप्रिनस कमी घ्या, रोहू-कतला बरे. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी अशा तलावातली मोठी मरळ टाळावी. आणि रक्तवाढीच्या गोळ्या चुकवू नका. अंगात लोह पुरेसे असले तर धातूंना वाट कमी मिळते.

तलाव करणाऱ्या गटांनी आणि संस्थांनी तणस बाहेरच ठेवावे. जनावरांना घाला, काठावर शेणाबरोबर कुजवून खत करा, किंवा त्यावर धिंगरी अळिंबी लावा. बचत गटाला तो चांगला जोडधंदा आहे. शेवाळासाठी तणस टाकायचेच असेल तर स्वच्छ तलावात, थोडे, बांबूला बांधून, आणि सडायच्या आत बाहेर काढायचे. दूषित पाण्यात बुडवलेले तणस चुलीत जाळू नका, वाफ्यावर पसरू नका. पहाटे मासे वर येऊ लागले किंवा गाळाला वास सुटला तर शेण, कोंबडीखत, तणस टाकणे लगेच थांबवा. पाणी आंबट असेल तर मत्स्य खात्याच्या सल्ल्याने चुना द्या. उतारावरून येणारे राखेचे पाणी चर खणून वळवता आले तर तो एक दिवसाचा श्रमदानाचा खर्च तणसाच्या शंभर भाऱ्यांपेक्षा उपयोगी आहे.

कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांच्या पाणथळ भागात शहराच्या सांडपाण्यावर पिढ्यान् पिढ्या मासळी पिकते. २००२ साली त्या जागेला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथले मासेमार तळ्याच्या कडेने जलपर्णीचा पट्टा ठेवतात. तो लाटांचा मारा अडवतो, आणि जलपर्णीच्या मुळांत धातूही धरले जातात. ती वाढलेली जलपर्णी वेळोवेळी उपसून बाहेर काढता येते. धरायचे आणि बाहेर काढायचे, दोन्ही केले तरच उपयोग. पण तिथेही कातडी कमावण्याच्या धंद्याचे क्रोमियम हा मोठा प्रश्न राहिलाच. तो वनस्पती लावून सुटत नाही. ते पाणी सोडणाऱ्याच्या दारातच अडवावे लागते.

तपासणी कुणी करायची?

त्या गटाने पाण्याचा नमुना एका सरकारी कार्यालयात नेला होता. अहवाल आला, पाणी योग्य. बायका खूश झाल्या. आम्ही अहवाल पाहिला. त्यात क्षार, कठीणपणा, नायट्रेट होते. शिसे, कॅडमियम, पारा हे रकानेच नव्हते. मासा तपासा म्हटले तर, "आम्ही पाणी तपासतो, मासे नाही." दुसरीकडे गेलो तर, "आम्ही बाजारातला माल तपासतो, तलाव नाही." तिसरीकडे, "खासगी प्रयोगशाळेत करून घ्या." तिथला खर्च गटाच्या महिन्याच्या हप्त्याहून जास्त होता.

इथे आम्हाला तणसाचा खरा अर्थ कळला. ज्या बाईला कुणी उत्तर देत नाही ती आपल्या हातात जे आहे ते पाण्यात टाकते. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण तिला तपासणी नाकारणारी व्यवस्था आम्हाला जास्त अडाणी वाटते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या तलावाच्या पाणलोटात राख, सांडपाणी किंवा खाण आहे, त्याचा ठेका देण्याआधी शासनाने तपासणी करावी आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. तपासणी नुसत्या पाण्याची नको, गाळाची आणि मासळीची हवी, कारण धातू पाण्यात थोडे आणि गाळात जास्त असतात. ती दोनदा व्हावी, तलाव आटताना आणि पहिल्या पावसानंतर. आंतरराष्ट्रीय अन्न मानकांत एक किलो मासळीत शिशाची मर्यादा ०.३ मिलिग्रॅम आहे. आपली मासळी त्याच्या वर की खाली, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. धातू जास्त निघाले तर ठेक्याची रक्कम परत मिळावी आणि नुकसान राख टाकणाऱ्याकडून वसूल व्हावे. गाळ शेतात नेण्याआधीही हीच तपासणी व्हावी.

हे कुणी आपणहून देणार नाही. ग्रामसभेत ठराव घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि विचारा, राख टाकायला परवानगी कुणी दिली, कोणत्या अटींवर. प्रदूषण नियंत्रण मंडळ, मत्स्य खाते, अन्न व औषध प्रशासन, तिघांनाही एकाच दिवशी एकच पत्र द्या, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. पोच घ्यायला विसरू नका. आम्ही त्या गटाबरोबर हेच केले आहे. चर खणून झाला आहे. भारे बाहेर काढले आहेत. मासळीच्या तपासणीचे उत्तर अजून यायचे आहे, आम्ही पाठपुरावा करतो आहोत.

१९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. तळे सगळ्यांचे आहे हे तेव्हा सांगावे लागले. आज त्या तळ्यात काय मिसळले आहे, हे विचारणे त्याच हक्काचा भाग आहे.

त्या मुलीचे बाळंतपण सुखरूप झाले. मुलगी आहे, वजन अडीच किलो. आम्ही गेलो तेव्हा तिची आजी चुलीजवळ रोहू साफ करत होती. कल्ले आणि आतडी वेगळी काढून तिने कागदात गुंडाळली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "बगा सिस्टर, तुमी सांगितल्यावाणी केलं. आता सरकारले सांगा, त्याच्या वाटनीचं त्यानं करावं."